मी पेटीवर बसलो होतो

बाई, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला बोलायला उभं केलं. तुमच्या सुनेने आधीच सांगून ठेवलं होतं, "सर, तुमीच बोला. ग्राउंडावरचं तुमालेच मालूम." वंदना झाली. मेणबत्त्या विझू नयेत म्हणून पंखे बंद होते आणि मांडवात सगळे घामाघूम बसले होते. तुमच्या फोटोसमोर उभा राहून मी म्हणालो की रामटेके बाई निष्पक्ष होत्या. सॉफ्टबॉलच्या निवड चाचणीत त्यांनी कधी कोणाचं आडनाव पाहिलं नाही, गाव पाहिलं नाही. लोकांनी माना हलवल्या. मी खाली बसलो. दोन मिनिटंही झाली नसतील.

जे बोलायला पाहिजे होतं ते तोंडापर्यंत आलं आणि परत गेलं. मांडवाच्या मागच्या बांबूला टेकून एक वीस-एकवीस वर्षांची पोरगी उभी होती. तिला पाहिलं आणि मी वाक्य अर्ध्यावर सोडून दुसरंच वाक्य घेतलं. मांडवात कोणाला ते कळलं नसेल. तुम्हाला कळलं असतं. माझं वाक्य कुठे वळतं हे तुम्ही मैदानाच्या पलीकडच्या टोकावरून ओळखायचात.

त्या पोरीचं नाव पायल. आपल्या कागदावर ती सत्तावीस नंबर होती. तुम्ही गेल्याला आज तीन आठवडे झाले आणि मी हे लिहायला बसलो आहे, कारण मांडवात जे सांगितलं नाही ते निदान कागदावर तरी तुम्हाला सांगावं.

आधी तुमच्या नंबरांपासून सुरुवात करतो. चिमूरहून पहिल्यांदा नागभीडच्या मैदानावर निवड समितीत आलो तेव्हा मी तिशीत होतो आणि मला वाटायचं की आपल्याला खेळाडू चालण्यावरून कळतो. तुम्ही माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या हातातली नावांची यादी काढून घेतली, चार घड्या केल्या आणि जेवणाच्या डब्याच्या खालच्या कप्प्यात ठेवून झाकण लावलं. मग पिशवीतून जुन्या चादरीचे चौकोन काढले. प्रत्येकावर काळ्या रंगाने नंबर. "लाव पोट्ट्यांच्या पाठीले," तुम्ही म्हणालात, "अन् कोणाचं नाव इचारलं तं तुले डबा भेटणार नाई."

मी हसलो होतो. तुम्ही हसला नव्हता. पुढे चहा पिताना तुम्ही सांगितलंत की तुमच्या लहानपणी शाळेच्या कबड्डीच्या संघातून तुमचं नाव मास्तरांनी आडनाव वाचून खोडलं होतं, खेळ न पाहता. त्यानंतर तो विषय तुम्ही कधी काढला नाहीत. दर वर्षी चादरीचे चौकोन मात्र धुऊन, इस्त्री करून यायचे. त्यांना साबणाचा वास असायचा, आणि डब्यातून यादी बाहेर निघायची तेव्हा तिला लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा.

मग बूट. आपल्या चाचणीला येणाऱ्या निम्म्या पोरी चपलांवर यायच्या, काही अनवाणी. शहरातल्या पोरींच्या पायात बूट. धावण्याच्या शर्यतीआधी तुम्ही ओरडायच्या, "काढा सगळे! बूट, चपला, जे असन ते. मैदानाले सगळ्यांचे पाय सारखे दिसले पायजेत." पोरी फिदीफिदी हसत बूट काढायच्या. मला हे पटलं नव्हतं. बुटांवर सराव केलेल्या पोरीला अनवाणी धावायला लावणं हाही अन्यायच, असं मी म्हणायचो. एका वर्षी चंद्रपूरहून आलेल्या एका पोरीच्या टाचेत सराटा रुतला आणि तिचे वडील तुमच्यावर धावून आले. "आमची पोरगी बुटावर खेळते मॅडम, जंगलात नाही राहत आम्ही!" तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मांडीवर तिचा पाय घेतलात, नंबर लावायच्या सेफ्टी पिनने काटा काढलात आणि तिला म्हणालात, "रडू नको वो माय, झालं."

संध्याकाळी एस.टी. स्टँडवर तुम्ही एकदम विचारलंत, "आज माझं चुकलं का रे विलास?"

मला बरं वाटलं, हे कबूल करतो. मी म्हणालो, "हो बाई. सगळ्यांकडून काढून घेणं म्हणजे न्याय नाही."

"मंग पुढच्या वर्षी सगळ्यांले बूट आण."

तुमची गाडी लागली. तो वाद तिथेच राहिला, आणि त्याच वादाचा मी पुढे तुमच्याविरुद्ध उपयोग केला.

तुमच्या नंबरांमध्ये एक खोट होती, तीही मी तुम्हाला सांगितली होती. परक्या पोरींसाठी नंबर ठीक. पण मी ज्या पोरीला तीन वर्षं रोज सकाळी शिकवलं, ती बॅट उचलते त्याच क्षणी मला कळतं की ही माझी. तिचं उभं राहणं मीच घडवलेलं असतं. चौदा नंबर पाठीवर लावला काय आणि चाळीस लावला काय. यावर तुम्ही म्हणाल्या होत्या, "कळू दे ना. कळलं म्हणून हात हलला नाई पायजे, बस." तुम्हाला ते सोपं वाटायचं. किंवा तुम्ही ते माझ्यासाठी सोपं करून सांगायचात.

आता त्या दिवसाबद्दल.

चौदा वर्षांखालच्या मुलींची चाचणी होती. धान कापणीला आलं होतं. तुम्ही मैदानाच्या पलीकडे मोहाच्या झाडाखाली, मी अलीकडे पहिल्या बेसजवळ. तुमचाच नियम, की दोघांनी लांब बसायचं, बोलायचं नाही आणि कागद शेवटीच जुळवायचे. साहित्य त्या वर्षी माझ्या शाळेचं होतं. ग्लोव्हज, बॅटी आणि चेंडू मोठ्या पत्र्याच्या पेटीतून मी जीपमध्ये घालून आणले होते. सगळं बाहेर काढल्यावर पेटीचं झाकण लावून मी तिच्यावरच बसलो, कारण खुर्ची एकच होती आणि ती तुमच्याकडे होती.

सत्तावीस नंबर आली तेव्हा तीन वाजून गेले होते. चारच्या पुढे आपण जंगलरस्त्याच्या गावांच्या पोरींना थांबवत नव्हतो. त्या महिन्यात त्या रस्त्यावर वाघाने दोन बैल मारले होते. त्यामुळे मी घाईत होतो. पोरगी काटकुळी, केसांना तेल चोपडलेलं, फ्रॉकखाली भावाची पँट. बॅटिंग बरी. धावणं उत्तम. मग ती चेंडू अडवायला उभी राहिली.

कॉलेजची एक मुलगी जमिनीवरून चेंडू मारायची आणि पोरींनी तो ग्लोव्हमध्ये अडवून पहिल्या बेसकडे फेकायचा, अशी ती परीक्षा. सगळे ग्लोव्हज डाव्या हातात घालायचे होते, म्हणजे अडवायचं डाव्याने आणि फेकायचं उजव्याने. सत्तावीस नंबर डावखुरी होती. फेकायचा हात डावा, म्हणून तिने ग्लोव्ह उजव्या हातात घातला, आणि तो उलटा बसला. अंगठ्याच्या जागी करंगळी. तो मिटेचना. पहिला चेंडू आदळून बाहेर पडला. दुसराही. तिसरा तिने छातीने अडवला. चौथा पायांतून मागे गेला. बाकीच्या पोरी हसल्या. ती हसली नाही. ग्लोव्हकडे असं पाहत राहिली की जणू त्यानेच तिला काही सांगायला पाहिजे.

पलीकडून तुमचा आवाज आला. तुम्ही तुमचाच न बोलण्याचा नियम मोडला होता.

"विलास! पोट्टी डावरी हाय. तुह्या पेटीत उजव्या हातात घालाचा ग्लोज असन तं काढ ना!"

पेटीत होता, बाई.

माझ्या शाळेत प्रणाली नावाची डावखुरी मुलगी होती. तिच्यासाठी मी तो नागपूरहून मागवला होता. त्याच उन्हाळ्यात ती दहावी होऊन गेली आणि ग्लोव्ह पेटीच्या तळाशी, जुन्या जाळीखाली राहिला. सकाळी साहित्य काढताना मी त्याला हात लावला होता आणि कोणाला लागणार नाही म्हणून तिथेच ठेवला होता. तुम्ही ओरडलात तेव्हा मी त्याच्यावर बसलेलो होतो. उठून झाकण उघडायचं, एवढंच काम.

मी बसल्या जागेवरून ओरडलो, "नाई बाई! सगळे डाव्या हाताचेच हाईत!"

हे वाक्य मी किती वेळा मनात पुन्हा म्हटलं असेल. त्यात थरथर नव्हती. लगेच आलं ते, आधीपासून तोंडात तयार असल्यासारखं. कारण माझ्या मांडीवरच्या कागदावर चौदा नंबरचे गुण होते. चौदा नंबर म्हणजे माझी श्रुती. अंधारात उठून येणारी, हाताला फोड आले तरी न सांगणारी. तिचे गुण काठावर होते हे मला ठाऊक होतं, आणि ही सत्तावीस नंबर नीट खेळली तर काठावरून कोण खाली जाईल हेही ठाऊक होतं. घाई होती, वाघ होता, चार वाजत आले होते, ही सगळी कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी फक्त श्रुती होती.

तुम्ही हार मानली नाहीत. मैदान ओलांडून आलात, त्या पोरीच्या हातातून ग्लोव्ह काढून घेतलात आणि म्हणालात, "उघड्या हातानं घे. भेव लागते का?"

"नाई लागत," ती म्हणाली. "मासोळीचा काटा लागते, त्याच्याहून जास्त लागते का हे?"

तुम्ही खो खो हसलात. तिने चार चेंडू उघड्या हाताने अडवले आणि डाव्या हाताने असे फेकले की पहिल्या बेसवरच्या पोरीने डोळे मिटून घेतले. तिचा फेकायचा हात कमरेपासून फिरून यायचा, तलावात जाळं टाकतात तसा. शेवटी तिने तळवे पँटला पुसले. लाल झाले होते ते. मी पाहिले.

मग चहाच्या टपरीच्या बाकावर आपण कागद जुळवले. अडवण्याच्या रकान्यात तुम्ही तिला दहापैकी नऊ दिले होते. मी तीन. दोघांची बेरीज केली तर सोळाव्या जागेवर चौदा नंबर आणि सतराव्यावर सत्तावीस. फरक दोन गुणांचा. सोळा जणी घ्यायच्या होत्या.

"तीन?" तुम्ही म्हणालात. "तीन काऊन?"

"ग्लोव्हने चारपैकी एकही चेंडू धरला नाही बाई."

"तू ग्लोजची परीक्षा घेतली का पोट्टीची?"

"सगळ्यांना तोच ग्लोव्ह दिला. बाकीच्या पोरींना आपण उघड्या हाताने संधी दिली का? तुम्हीच सगळ्यांचे बूट काढता. सगळ्यांना सारखं, हा तुमचाच नियम आहे."

मग हळू म्हणालात, "बूट काढता येते रे विलास. हात काढता येत नाई."

मी म्हणालो, "नियमात तसं लिहिलेलं नाही."

तुम्ही सही केलीत. पेन टोचून कागद फाटला, इतक्या जोरात. मग डबा उघडून नावांची यादी काढलीत आणि सत्तावीस नंबरसमोरचं नाव मोठ्याने वाचलंत. पायल नान्हे. गाव वाचलंत. चौदा नंबरचंही वाचलंत, शाळा वाचलीत आणि यादी माझ्या हातात दिलीत. आपण दोघांनी एकेक लाखोळीचा वडा खाल्ला. मला त्याची चव आठवत नाही.

श्रुती विभागाच्या स्पर्धेला गेली. एकही सामना न खेळता बाकावर बसून आली. ती आता नर्सिंग शिकते, भेटली की पाया पडते. तिची काही चूक नव्हती, हे लिहून ठेवतो. मी तिला जे दिलं ते तिने मागितलं नव्हतं.

पुढच्या फेब्रुवारीत तुमचा फोन आला. नागभीड स्टेशनाबाहेरच्या मोच्याकडून तुम्ही एक जुना ग्लोव्ह सगळा उसवून उलटा शिवून घेतला होता. "डावरीसाठी," तुम्ही सांगितलंत. मोचीदादा म्हणे, बाई, आयुष्यभर चपला शिवल्या, हातासाठी पहिल्यांदा शिवून राह्यलो. तुम्ही तो ग्लोव्ह घेऊन पायलच्या गावी गेलात. ती नव्हती. आत्यासोबत मिरची तोडायला तेलंगणात गेली होती, शाळा सुटली होती. फोनवर तुमचा आवाज पडलेला होता. "संघात असती तं शाळेनं सोडली नसती तिले," तुम्ही म्हणालात. "सरांनी घरून उचलून आणलं असतं."

माझ्या कानाला फोन होता आणि तो दुसरा ग्लोव्ह, नागपूरचा, कोरा, शाळेच्या खोलीत माझ्या पाठीमागे पेटीत होता. बोलायला ती वेळ चांगली होती. मी म्हणालो, "हो ना बाई. काय करणार."

पुढच्या हंगामात तुम्ही एक नवीन नियम आणलात. चाचणीआधी मैदानावर निळी ताडपत्री अंथरायची आणि साहित्याची पेटी तिच्यावर पूर्ण रिकामी करायची, सगळ्या पोरींसमोर. एकही वस्तू आत राहता कामा नये. "विलास, पेटी उघड," तुम्ही म्हणालात आणि उभ्या राहिलात. मी एकेक वस्तू काढली. तळाशी नागपूरचा ग्लोव्ह होता. मी तोही काढला, बाकीच्यांच्या मधोमध ठेवला. तुम्ही वाकून तो उचललात, उजव्या हातात घालून पाहिलात, मूठ मारलीत, परत ठेवलात. म्हणालात, "बरा हाय." एवढंच.

मी म्हणालो, "नवा घेतला बाई, या वर्षी."

एका खोट्यावर दुसरं. तेही तयारच होतं.

त्यानंतर दर वर्षी ताडपत्री आणि दर वर्षी "विलास, पेटी उघड." मला वाटायचं, तुम्हाला संशय आहे. मग वाटायचं, नाही, तुमचा स्वभावच तसा. बाई मनात ठेवणाऱ्यांतल्या नाहीत, ठाऊक असतं तर चार लोकांत माझी कानउघाडणी केली असती. या आधारावर मी पाच वर्षं काढली.

शेवटची भेट ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात. तुम्ही पार वाळल्या होत्या, पण मला पाहून उशी सरळ करून घेतलीत. इकडचं तिकडचं झालं. मग तुम्ही विचारलंत, "पेटी कशी हाय रे?"

मला वाटलं, औषधांनी डोकं जड झालं असेल. मी म्हणालो, "चांगली आहे बाई. नवे चेंडू आलेत. कडीला तेल दिलं."

तुम्ही माझा हात धरून ठेवलात. बराच वेळ. सून चहा घेऊन आली तरी सोडला नाहीत. मग म्हणालात, "बरं," आणि सोडलात.

पुण्यानुमोदनानंतर चौथ्या दिवशी मी नागपूरचा ग्लोव्ह पिशवीत घातला आणि पायलच्या गावी गेलो. गाव तलावाला लागून आहे. ती तलावाच्या बांधावर, पाळीवर, बसून जाळं विणत होती, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून, डाव्या हाताने. मला पाहून उठली. "सर, तुमी? बसा ना, इथी सावली हाय." तिच्या आईने पाणी आणलं. पायलने सांगितलं की ती वनरक्षक भरतीची तयारी करते, सकाळी याच पाळीवर धावते. दहावीचा फॉर्म बाहेरून भरून दिला तो तुम्हीच, परीक्षेच्या दिवशी केंद्रावर सोडायला आल्या त्याही तुम्हीच. हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. भरतीत खेळाडूंच्या वेगळ्या जागा असतात हे तिला ठाऊक आहे की नाही, मी विचारलं नाही. संघात आली असती तर पुढे काय झालं असतं कोण जाणे, कदाचित काहीच नसतं झालं. हे 'कदाचित' मी इतकी वर्षं माझ्या सोयीने वापरलं आहे.

मी पिशवीतून ग्लोव्ह काढून तिच्यासमोर ठेवला. म्हणालो, "पायल, त्या दिवशी हा माझ्या पेटीत होता. बाईंनी विचारलं आणि मी नाही म्हणालो."

तिने ग्लोव्हकडे पाहिलं. जाळ्याचा दोरा अंगठ्यातून काढला. मग म्हणाली, "मले मालूम हाय सर."

"कसं?"

"माह्या हातून पहिला चेंडू सुटला ना, तो तुमच्या पेटीकडं गेला होता. घ्याले आली मी. पेटीची बाजू चेपलेली होती, फटीतून दिसला. त्याचा अंगठा उलट्या बाजूनं होता. मी म्हणलं, आता सर देतीन." दोरा बोटाला गुंडाळत म्हणाली, "मंग बाईनं आवाज देल्ला. मंग तुमी नाई म्हणले."

"तू का नाही बोललीस?"

"तुमी सर होते ना."

तिचा आवाज साधा होता. राग असता तर मला काही तरी धरायला मिळालं असतं.

मी विचारलं, "बाईंना सांगितलंस?"

"सांगतलं. मिरचीवरून वापस आली तवा बाई दुसऱ्यांदा आल्या, पावसाच्या आंधी. मी रागात सांगतलं सगळं. मले वाटलं, आता बाई तुमाले सोडत नाई." ती हसली. "पर त्या चूपच बसल्या. या इथीच. मंग म्हणे, तो मले सांगन. खोटं बोलून राह्यणारा माणूस नाई तो, सांगन. थोडी वाट पाहू."

तलावात कोणी तरी मासेमारीचा डोंगा ढकलत होतं. मला ते अजून दिसतं, कारण त्या वेळी मी दुसरीकडे कुठे पाहू शकत नव्हतो.

थोडी वाट. बाई, किती वाट पाहिलीत तुम्ही? पाच वेळा ताडपत्री अंथरलीत. पाच वेळा मला पेटी उघडायला सांगितलंत. दवाखान्यात, शेवटच्या भेटीत, हात धरून पुन्हा एकदा. आणि मी तुम्हाला कडीच्या तेलाचं सांगितलं.

मला तुमचा राग आला, हे लपवत नाही. घरी येईपर्यंत एस.टी.त मी तुमच्याशी भांडत होतो. तुम्ही का नाही विचारलंत? बाकी सगळ्यावर ओरडायच्या, माझ्या शाळेची पोरगी धावली आणि मी टाळ्या वाजवल्या तर मैदानभर ऐकू जाईल असं बोलायच्या, मग हेच का पोटात ठेवलंत? एका शब्दाने विचारलं असतं तर मी कोसळलो असतो आणि मोकळा झालो असतो. तुम्ही मला पाच वर्षं दिलीत. त्या पोरीला मी चार चेंडूंपलीकडे पाचवा दिला नव्हता. सगळ्यांना सारखं वाटून देणाऱ्या बाईंनी ही वाटणी कशी केली? हा वाद मी तुमच्याशी समोरासमोर घातला असता आणि पहिल्यांदाच कदाचित जिंकलो असतो.

मग चिमूर जवळ आलं आणि राग उतरला. तुमच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहिलं. एका माणसाबद्दल सगळं ठाऊक असताना त्याच्यासोबत दर वर्षी डबा खायचा, त्याचे गुण आपल्या गुणांत मिळवायचे, त्याच्या कागदाखाली सही करायची. तुम्ही सत्तावीस नंबरवरून मला मोजलं नाहीत. पुढच्या प्रत्येक वर्षी मला नवा कागद दिलात. हे माझ्यासाठी कोणी केलं नव्हतं. मी त्याच्या लायक ठरलो नाही, एवढंच.

निघताना पायलने ग्लोव्ह परत माझ्या पिशवीत घातला. मी म्हणालो, तुझ्यासाठी आणला आहे. ती म्हणाली, "माह्याकडं बाईचा हाय. मोच्यानं शिवलेला. हा पेटीतच ठेवा, कोणी डावरी आली तं लागन." मग पाळीवरून उतरताना मागून आवाज दिला.

"सर, एक सांगू? माही लहान बहीण येऊन राह्यली या वर्षी ट्रायलले."

"अरे वा. डावखुरी आहे का तीही?"

"नाई, उजवीच हाय." ती जवळ आली. "तिले वळखू नका."

"म्हणजे?"

"मंजे तुमच्या मनात माहं असन ना काई, तं ते तिच्या कागदावर नका टाकू. तिले येत असन तं घ्या. नाई येत असन तं घरी पाठवा. तिच्यासाठी कोणाची पोट्टी मागं राह्याची नाई."

मी हो म्हणालो. पण बाई, ते हो म्हणताना मला त्या जुन्या नाहीची आठवण झाली. तेही असंच पटकन आलं होतं.

मंगळवारी चाचणी आहे. तुमच्या जागेवर आता सिंदेवाहीच्या एक तरुण मॅडम येतात, दुसरंच वर्ष आहे त्यांचं. मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं, सत्तावीस नंबरपासून पाळीपर्यंत. त्या गोंधळल्या. "सर, मंग तुम्ही बसू नका ना समितीत," म्हणाल्या. मीही तेच क्रीडा कार्यालयात विचारलं होतं, पण दुसरा कोणी तयार नाही. मग मी त्यांना म्हणालो, माझा कागद तुमच्या कागदाशी कुठे जुळला नाही तर मला तिथल्या तिथे विचारा. सगळ्यांसमोर विचारा. वाट पाहू नका.

तुमच्या सुनेने चादरीच्या चौकोनांची पिशवी माझ्याकडे दिली आहे. ते मी धुतले, इस्त्री केली. तुमच्यासारखी घडी जमली नाही. यादी मी पाहिलेली नाही, ती मॅडमच्या डब्यात राहील. पण त्या पोरीला मी ओळखीन, हे मला आजच ठाऊक आहे. बहिणीसारखीच खांदा पाडून उभी राहील ती. तेव्हा माझ्या हातून एक गुण जास्त जाऊ पाहील. किंवा तो जाऊ नये म्हणून एक कमी जाईल, आणि तोही तितकाच खोटा असेल.

कळलं तरी हात हलला नाही पाहिजे, असं तुम्ही म्हणाला होतात. तेव्हा मला वाटलं, बाई सोपं करून सांगतात. तुम्हाला माझं सगळं कळलं होतं आणि पाच वर्षं तुमचा हात हलला नाही. मला ते चार चेंडूंपुरतं करायचं आहे.

निळी ताडपत्री आज घासून कुंपणावर वाळत घातली आहे. पेटी रिकामी झाली की झाकण उघडं टाकून दूर मोहाच्या झाडाखाली ठेवीन. मॅडमना खुर्ची आहे. मी उभा राहीन, बाई.